संगणकाचं मासिक लावा, पण पारखून लावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणं त्या दिवसापासून बंद झालं. पण घरातला संगणक दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखाच सुरू झाला. पडदा तोच, चिन्हं तीच, कळफलकही तोच. त्यामुळे कितीतरी घरांत ही गोष्ट कळलीच नाही.

अशा वेळी दोन प्रकारचं नुकसान होतं. कुणी घाबरून चांगला चालता संगणक मोडीत काढतं आणि नव्यासाठी हप्ते बांधून घेतं. कुणी "काही होत नाही" म्हणत त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहतं. खरं तर घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय कंपनीनं ठेवली आहे. मात्र त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच संगणक विंडोज ११ घेत नाहीत, पण त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स ही कार्यप्रणाली चालू शकते. एवढं वेळेवर सांगणारं कुणी असतं, तर दोन्ही घरांचं नुकसान टळलं असतं.

असं सांगणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मुलगी परीक्षेत गुंतलेली असते. शेजाऱ्याला रोज उठून विचारणं बरं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला एक कळकळीचं सांगणं आहे. साध्या माणसांसाठी निघणारं संगणकाचं एक मासिक घरी लावा. एकच लावा. एका वर्षासाठी लावा. आणि पैसे भरण्याआधी ते नीट पारखून घ्या.

फुकट मिळत असताना मासिक कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. मोबाइलवर सगळंच फुकट दिसतं. व्हॉट्सॲपवर रोज नवा सल्ला येतो.

पण त्या सल्ल्याखाली कुणाचं नाव असतं का? पत्ता असतो का? तो चुकीचा निघाला, तर जाब कुणाला विचारणार?

छापील मासिकाचं तसं नसतं. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक कोण, अंक कुठे छापला, कुठून निघाला, हे कायद्यानं अंकावर द्यावं लागतं. ही पद्धत १८६७ च्या कायद्यापासून चालत आली. १ मार्च २०२४ पासून त्या जागी नवा कायदा लागू झाला आहे. चूक झाली तर पत्र कुणाला लिहायचं हे तुम्हाला माहीत असतं, आणि आपलं नाव खाली छापलं जाणार आहे हे संपादकालाही माहीत असतं. सल्ला जपून दिला जातो तो त्यामुळेच.

दुसरा फायदा असा, की मासिक तुम्ही न विचारलेल्या गोष्टीही सांगतं. मोबाइलवर आपण अडल्यावर शोधतो. विंडोज १० ची देखभाल थांबली हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार तरी काय?

न कळल्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात

आपल्या छत्रपती संभाजीनगरचंच बघा. सिडकोतले निवृत्त आजोबा पेन्शनचं काम मोबाइलवर करतात. वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाचा पगार थेट खात्यात येतो. पैठण, गंगापूर, वैजापूरकडे शेती असलेली माणसं शहरात बसून सातबारा काढतात. औरंगपुऱ्यातल्या कॉलेजांत शिकणारी मुलं प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरतात.

डिजिटल सहीचा सातबारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. हे माहीत नसलेला माणूस कुणालाही मागेल तेवढे पैसे देऊन मोकळा होतो.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा खोटी संकेतस्थळंही निघाली. लग्नपत्रिका किंवा आरटीओच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, पावतीही नसते. ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. बँकेचे संदेश वाचून खातं रिकामं करण्यासाठी अशी ॲप बनवली जातात.

आपल्या राज्यात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स लाखो लोकांनी केला. तुमच्याही घरात कुणाचं तरी प्रमाणपत्र असेल. पाया म्हणून तो कोर्स चांगलाच आहे. पण बऱ्याच वर्षांपूर्वी शिकताना यूपीआय नव्हतं आणि असल्या फाइलीही येत नव्हत्या. शिकलेलं ताजं ठेवायला घरी काहीतरी नियमित यायला हवं.

मासिक कसं निवडाल?

ज्वारी घेताना आपण मूठभर हातावर घेऊन बघतो. मासिकाचंही तसंच करा.

आधी एखादा जुना अंक मिळवा. वाचनालयात बघा, मध्यवर्ती बसस्थानकाच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर विचारा, ओळखीत कुणाकडे असेल तर मागून आणा. अंक पाहिल्याशिवाय वर्षाची वर्गणी भरू नका.

मग त्यातला एक लेख निवडा. फोटो सुरक्षित कसे ठेवायचे, पासवर्ड कसा बदलायचा, असा एखादा साधा विषय घ्या. संगणकासमोर बसा आणि लेखात सांगितलंय तसं एकेक पाऊल करत जा. काम झालं तर मासिक तुमच्या उपयोगाचं आहे. तिसऱ्याच पावलाला अडलात, तर दोष तुमचा मानू नका. ते मासिक तुमच्यासाठी लिहिलेलं नाही, इतकंच.

हा फरक नीट लक्षात घ्या. आपल्याकडे डेटाक्वेस्ट १९८२ मध्ये निघालं, ते संगणक उद्योगातल्या लोकांसाठी. पीसीक्वेस्ट १९८७ मध्ये आलं. डिजिट २००१ मध्ये आलं, आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या सीडीसाठी मुलं अंकाची वाट बघायची. ही सगळी इंग्रजी आणि संगणकाची आवड असलेल्यांसाठीची. ब्रिटनमध्ये कॉम्प्युटरॲक्टिव्ह हे पाक्षिक १९९८ पासून सर्वसामान्य घरांसाठी निघतं. सोपी भाषा हीच त्याची ओळख आहे. तुम्हाला हवं ते या जातीचं. कोणतं यंत्र किती वेगवान, याच्या तक्त्यांनी अंक भरलेला असेल, तर तो बाजूला ठेवा.

नंतर भाषा बघा. संगणकावरची नावाजलेली जुनी मासिकं बहुतेक इंग्रजीच आहेत. घरात इंग्रजी सहज वाचणारं कुणी असेल, तर तसं घ्यायला हरकत नाही. पण मग ते वाचून इतरांना मराठीत सांगायचं, हे आधीच ठरवून घ्या. मराठीतच वाचायचं असेल, तर विज्ञानाच्या नियतकालिकांकडेही बघा. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघतं. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची 'पत्रिका' आहे. ती निव्वळ संगणकाची नव्हेत, पण विज्ञान आणि तंत्रज्ञान मराठीत समजावून सांगणारी आहेत.

मजकूर आपल्या उपयोगाचा आहे का, तेही बघा. किमती रुपयांत आहेत का? यूपीआय, आधार, डिजिलॉकर यांबद्दल काही येतं का? युनिकोडमध्ये मराठी कसं टाइप करायचं, हे कधी सांगितलंय का? परदेशी लेख जसेच्या तसे छापणाऱ्या मासिकाचा तुमच्या घराला फारसा उपयोग नाही.

जाहिरात कुठे संपते आणि लेख कुठे सुरू होतो, तेही कळायला हवं. प्रत्येक लेखाच्या शेवटी एकाच दुकानाची किंवा कंपनीची वस्तू घ्यायला सांगत असतील, तर ते मासिक सल्ला देत नाही, माल विकतं.

शेवटी प्रेस लाइन, म्हणजे मुद्रक-प्रकाशकांचा तपशील, वाचा. बहुतेक अंकांत ती पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक बघा. पत्ताच नसेल, तर वर्गणी भरू नका.

पैसे भरताना

एका वर्षाचेच पैसे भरा. तीन किंवा पाच वर्षांची वर्गणी स्वस्त दिसते. सोबत बॅग, इयरफोन असं काहीतरी देतात. मोह होतो. तरीही थांबा.

मासिकं बंद पडतात. अमेरिकेतलं बाइट हे मोठ्या नावाचं मासिक १९७५ मध्ये सुरू झालं आणि १९९८ मध्ये त्याची छपाई थांबली. पीसी मॅगझिनचा छापील अंक २००९ च्या सुरुवातीला बंद झाला. मॅक्झिमम पीसी आणि मॅकलाइफ यांचेही छापील अंक २०२३ मध्ये थांबले. मोठमोठ्या नावांचं असं झालं, तर पाच वर्षांचे पैसे आधीच देऊन ठेवण्यात शहाणपण नाही. एक वर्ष बघा. आवडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरा.

भेटवस्तू बाजूला ठेवून हिशेब करा. वर्षाचे अंक किती? एक अंक केवढ्याला पडतो? टपालखर्च धरून की वेगळा? छापील किमतीपेक्षा किती स्वस्त? हे चार आकडे कागदावर लिहिले की गणित स्पष्ट दिसतं.

पैसे कुठे भरायचे, ते छापील अंकातूनच घ्या. गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर भरू नका. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात.

यूपीआयनं भरताना पडद्यावर नाव येतं. ते वाचा. प्रकाशन संस्थेचं नाव असेल तरच पुढे जा. भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा आणि कार्यालयात फोन करून विचारा.

पावती मागा. त्यावर वर्गणीदार क्रमांक, पहिला अंक कोणत्या महिन्याचा आणि शेवटचा कोणत्या महिन्याचा, हे हवं. पावती मोबाइलवर आली असेल, तर हा मजकूर एका वहीत उतरवून ठेवा.

पत्ता नीट लिहा

आपल्या शहराच्या लोकांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. शहराचं नाव बदललं, पण अनेक अर्जांच्या यादीत अजून औरंगाबाद हे जुनंच नाव असतं. आणि त्याच नावाचं शहर आणि जिल्हा बिहारमध्येही आहे. यादीतलं चुकीचं नाव निवडलं गेलं, तर तुमचा अंक तिकडे जाईल.

म्हणून पिनकोड आधी तपासा. आपल्या शहराचे पिनकोड ४३१ नं सुरू होतात. शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४३१००१, सिडकोचा ४३१००३. बिहारच्या औरंगाबादचा ८२४१०१ आहे. पत्त्यात शहराचं नवं नाव लिहा आणि महाराष्ट्र हा शब्द न चुकता लिहा. यादीत जुनंच नाव असेल, तर त्यापुढे महाराष्ट्र आहे का ते बघूनच निवडा.

सिडको-हडकोत राहत असाल, तर नुसतं एन-७ किंवा एन-११ लिहून भागत नाही. सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटीचं नाव आणि जवळची ठळक खूण लिहा. फ्लॅटमध्ये असाल, तर खालच्या पेटीवर आपलं नाव आहे ना, ते बघा. पोस्टमनदादांना आणि वॉचमनला सांगून ठेवा.

मोबाइलवरचा अंक घेत असाल तर

छापील अंकाऐवजी मोबाइलवरचा अंक स्वस्त पडतो. अक्षरं मोठी करून वाचता येतात. ज्यांची नजर कमी झाली आहे, त्यांना ते सोयीचं आहे. पण इथे एक गोष्ट जपायला हवी.

"पहिला महिना फुकट" म्हणतात आणि कार्डाचा नंबर किंवा यूपीआयची परवानगी घेतात. महिना संपला की पैसे आपोआप कापले जातात. आपण विसरलेलो असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. नको असेल, तर त्याच दिवशी बंद करा.

बंद कसं करायचं, तेही नीट ऐका. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पैसे कापले जातच राहतात. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडा. वर कोपऱ्यात आपलं चित्र असतं, त्यावर बोट ठेवा. तिथे पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स असं येतं. त्यात जाऊन ती वर्गणी रद्द करा. यूपीआयनं परवानगी दिली असेल, तर त्या ॲपमध्ये ऑटोपे शोधा आणि तिथून काढा.

आज हे वाचून झाल्यावर आपल्या फोनमध्येही एकदा बघा. कशाकशाचे पैसे दर महिन्याला जात आहेत, ते तिथे कळेल.

अंक आला नाही तर

दर महिन्याला अंक आला की वहीत तारीख लिहा. एक अंक चुकला, तर आठवडाभर वाट बघा. मग प्रकाशकाला फोन करा आणि ईमेल किंवा पत्रही पाठवा. नुसता फोन पुरेसा नाही, लेखी काहीतरी हवं. वर्गणीदार क्रमांक आणि न आलेल्या अंकाचा महिना लिहा. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. प्रकाशकाशी नम्रतेनं बोला. छोट्या मासिकांचं सगळं काम दोन-चार माणसंच करत असतात.

अंक येतच नसतील आणि कुणी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं.

तेवढ्यानंही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. प्रकाशक मुंबईचा असो की दिल्लीचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. ३००-४०० रुपयांसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. पण आपला हक्क माहीत असलेला माणूस ठामपणे बोलतो, आणि त्याचं ऐकलं जातं.

या फोनपासून जपा

"तुमची वर्गणी संपली, नूतनीकरण करा, आजच केलं तर निम्म्या पैशात" असा फोन आला, तर फोनवर काहीच देऊ नका. फोन ठेवा. अंकातल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा.

"तुमचे पैसे परत द्यायचे आहेत, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कुणी म्हणालं, तर ती फसवणूकच समजा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. घरातल्या सगळ्यांना हे एक वाक्य पाठ करायला लावा.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. घरात कुणाकडून असं झालं, तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडण्याच्या भीतीनं माणसं सांगत नाहीत, आणि त्यात वेळ जातो.

वर्गणी परवडत नसेल तर

तरीही मागे राहू नका. एका जिन्यातली चार घरं मिळून एक मासिक लावा. बचत गटात एक अंक फिरवा. आठवडा-आठवडा वाटून घेतला, तर चारही घरांचं वाचून होतं.

वाचनालयात जा. आपल्याकडे औरंगपुऱ्यातलं बलवंत वाचनालय आहे, जीवन विकास ग्रंथालय आहे. तालुक्याला आणि मोठ्या गावांतही सार्वजनिक वाचनालयं आहेत. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं. तुमच्या वाचनालयात संगणकाचं मासिक येत नसेल, तर ग्रंथपालांना सांगा, सूचनावहीत लिहा. चार-पाच सभासदांनी मागणी केली, तर विचार होतो.

अंक घरात आल्यावर

मासिक नुसतं टेबलावर पडून राहिलं, तर वर्गणी वाया गेली. महिन्यातून एक रविवार ठरवा. सगळे मिळून बसा. अंकातली एकच गोष्ट करून बघा. एका महिन्यात महत्त्वाच्या फोटोंची दुसरी प्रत काढा. पुढच्या महिन्यात पासवर्ड बदला. त्यापुढच्या महिन्यात आईला किंवा आजीला बोलून मराठी टाइप करायला शिकवा. वर्षाच्या १२ गोष्टी झाल्या, तरी घर पुष्कळ पुढे जाईल.

अंक रद्दीत घालू नका. निदान दोन वर्षांचे जपून ठेवा. मागच्या वर्षी वाचलेलं नेमकं या वर्षी लागतं.

आणि नवा अंक आला, की तो आधी घरातल्या सगळ्यात हुशार मुलाच्या हातात देऊ नका. संगणकाला जो सगळ्यात जास्त घाबरतो, त्याच्या हातात द्या. मग ती आई असो, आजोबा असोत, की नुकतीच सासरी आलेली सून असो. अंक वाचून त्यांना एखादं काम कुणाला न विचारता करता आलं, तर तुमची वर्गणी सार्थकी लागली. तेच मासिक पुढच्या वर्षीही लावा. वर्षभरात एकदाही तसं झालं नाही, तर बिनदिक्कत बदला.